कोजागिरी ते पोळा : काळ्या मातीतला गलांडा

बियांच्या पाकिटावर ‘बहुवर्षायू’ छापलंय म्हणून भुलू नका. गलांडा या एकाच नावाखाली दोन वेगळी झाडं विकली जातात. हारात जातो तो गच्च गोंड्याचा बहुतेक हंगामी. बी धरलं की वाळतो. अंगणाच्या कडेला टिकवायचा तर ‘ग्रँडिफ्लोरा’ घ्या: लाल पाकळ्या, पिवळी टोकं, बुडाशी पानांचा झुपका. तोही दोन-तीन वर्षंच नीट चालतो.

बी कोजागिरीला ट्रेमध्ये टाकलं. त्याला रुजायला उजेड लागतो, म्हणून वर चिमूटभर कोकोपीट पुरे. जाड माती टाकली की निम्मं बी वर येत नाही. ८ ते १२ दिवसांत उगवण, पाचव्या आठवड्यात लागवड, जानेवारीअखेर पहिली फुलं. पुढे मे संपेपर्यंत खंड नाही. ४५ अंशांत दुपारी पाकळ्या फिकट पडतात, फूल लहान होतं, पण झाड उभं राहतं. हिवाळ्यात ८-१० दिवसांनी आणि एप्रिल-मेमध्ये ३-४ दिवसांनी पाणी, तेही सकाळी बुडाशी.

खरी परीक्षा उन्हाची नाही, श्रावणाची. काळी माती फुगते, वाफा चिबडतो आणि मुळं गुदमरतात. ओल असूनही झाड दुपारी मान टाकतं. तहानलंय समजून आणखी पाणी दिलं की संपलंच. उपटून पाहा, मुळाची साल बोटांत निसटून येते. सपाट वाफ्यातली निम्म्याहून जास्त झाडं अशीच गेली. फूटभर उंच गादीवाफ्यातली एक-दोनच. त्या वाफ्यात २ घमेली काळी माती, १ मुरूम, १ जाड रेती आणि अर्धं घमेलं कुजलेलं शेणखत, हे प्रमाण होतं. १० बाय ३ फुटांच्या वाफ्यात ४५ सेंमीवर दोन ओळी, म्हणजे १४ रोपं. दाटी केली तर पावसाळ्यात भुरी, म्हणजे पानांवर पांढरी बुरशी, येते. कुटाराचं (मळणीनंतरच्या भुशाचं) आच्छादन उन्हाळ्यात उत्तम, पण मृगाआधी बुडापासून वीतभर मागे ओढायचं.

युरिया देऊच नका. पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या, सवयीने हात जातो, पण इथे पाला माजतो, दांडे लोळतात आणि फुलं कमी येतात.

बहर लांबतो तो कात्रीमुळे. पाकळ्या गळून केसाळ गोळा उरतो, तो नुसता खुडायचा नाही. दांडा खालच्या पानाच्या बेचक्यापर्यंत कापायचा. आठवड्यातून दोनदा. मेअखेर सगळं झाड वीतभर ठेवून छाटलं. पंधरा-वीस दिवस वाफा भकास दिसतो, पण हवा खेळती राहते आणि नवा फुटवा जोमाने येतो. हातमोजे घाला, पानांच्या रसाने काहींच्या कातडीला खाज सुटते.

वाफा वावराच्या धुऱ्यालगत (बांधालगत) असेल तर कपाशीवरचे तुडतुडे आणि मावा इकडेही येतात. फूल हिरवट, वेडंवाकडं उमललं तर तो तुडतुड्यांनी आणलेला रोग समजायचा. त्यावर फवारणी चालत नाही. झाड मुळासकट काढून जाळायचं. माव्याला ५ टक्के निंबोळी अर्क पुरतो.

गळालेल्या बियांपासून रोपं आपोआप उगवतात. संकराची असल्याने रंग मात्र मूळ झाडासारखा येईलच असं नाही. धुऱ्यावर लावायला तीच ठेवली आहेत.