बाबांची सीटी बायोप्सी, रोबोटवाली

बाबांच्या उजव्या फुफ्फुसात 14 मिमीची गाठ दिसली आणि डॉक्टर म्हणाले रोबोटने बायोप्सी करू, म्हणजे सुईने गाठीचा तुकडा काढून तपासू, तेव्हा आईचा पहिला प्रश्न, "म्हणजे सुई मशीन टोचणार?" तर नाही हो, सुई डॉक्टरच टोचतात. टेबलाशेजारी चेन्नईच्या परफिंट कंपनीचं मॅक्सिओ नावाचं रोबोट मशीन होतं, सीटीच्या इमेज त्यात जातात, डॉक्टर स्क्रीनवर रक्तवाहिन्या आणि बरगड्या चुकवून रस्ता आखतात, मग मशीनचा हात बरोब्बर त्या कोनात येऊन थांबतो आणि त्याच्या टोकाला असलेल्या गाइडमधून सुई आत. छतावरच्या कॅमेऱ्याने झोपलेल्या माणसाची बॉडी स्वतःच ओळखून टेबल मधोमध आणलं, हा मशीन लर्निंगचा (म्हणजे उदाहरणांवरून शिकलेल्या सॉफ्टवेअरचा) भाग, टेक्निशियनने कौतुकाने दाखवला.

खरी गोम श्वासात आहे. आखणी करताना जेवढा श्वास धरला तेवढाच सुईच्या वेळीही धरायचा, नाहीतर गाठच सरकते. बाबांकडून आधी चार-पाच वेळा प्रॅक्टिस करून घेतली, ते जरा वैतागलेच, पण सुई एकदाच आत गेली, पुन्हापुन्हा टोचाटोची नाही. नंतर फुफ्फुसाभोवती हवा साठली नाही ना बघायला एक्स-रे, संध्याकाळी घरी.

तक्रार हॉस्पिटलची. रोबोटचा चार्ज आधी कोणी बोललंच नाही, डायरेक्ट बिलात, वर इन्शुरन्सवाल्यांनी तेवढाच कापला. आधी लेखी एस्टिमेट मागून घ्या. मशीनला पाचपैकी साडेचार, बिलिंग काउंटरला एक, तोही तिथल्या मावशींनी बाबांना चहा दिला म्हणून.