उंटरंगी लोकरी कोट, सात महिन्यांनंतर: काखेतली शिवण उसवली त्याची गोष्ट

फेब्रुवारीत मँचेस्टरच्या बसमध्ये वरचा दांडा धरायला हात वर केला आणि उजव्या काखेत टर्रकन आवाज आला. घरी येऊन पाहिलं तर चार बोटं शिवण उसवलेली. ऑक्टोबरमध्ये जुन्या कपड्यांच्या दुकानातून ४५ पौंडांना घेतलेला कोट, म्हणून जीव जास्तच तुटला.

मॅक्स मारा या इटालियन कंपनीचा १०१८०१ नंबरचा प्रसिद्ध कोट ओळखणाऱ्यांना वर्णन नको. माझा अस्सल नाही, त्याच कटवर बेतलेला आहे. अस्सल नवा दोन हजार पौंडांच्या वर जातो. तेवढे पैसे मी कोटावर घालणार नाही.

पहिला महिना तो मला मुळीच आवडला नव्हता. खांद्याची शिवण नाही, कंबर नाही, गोधडी पांघरल्यासारखं वाटायचं. परत द्यायचाही विचार केला होता. डिसेंबरात मत फिरलं. आधीचा कोट जाड स्वेटरवर चढवला की मुंढ्यात, म्हणजे बाही जोडतात त्या गोल शिवणीत, कापड गोळा व्हायचं, दंड आवळायचे आणि खांद्यांवर सगळं ओझं. या कोटात कुर्ता, त्यावर स्वेटर, वर शाल, सगळं मावतं आणि वजन पाठभर पसरतं. कारण बाही आणि अंग एकाच कापडात कापलेलं. मुंढाच नाही, तर आवळणार काय?

१०१८०१ मधली ही करामत ॲन-मारी बेरेता या फ्रेंच डिझायनरबाईंची. १९८१ मध्ये त्यांनी पुरुषी ओव्हरकोट घेतला, बटणांच्या दोन रांगा आणि ऐसपैस घेर तसाच ठेवला, आणि बाही मात्र किमोनोची, म्हणजे अंगासोबतच कापलेली, दिली. बाईसाठी करायचा म्हणून कंबर आवळली नाही, हे मला फार मोलाचं वाटतं. त्याच वर्षी जपानी डिझायनर रेई कावाकुबो पॅरिसला पहिल्यांदा आपले सैल, अंगापासून सुटे कपडे घेऊन आल्या. अमेरिकेत डिझायनर बॉनी कॅशिन यांनी तर त्याच्या कितीतरी आधी कोटाच्या खिशाला पर्सची खटक्याची कडी लावली होती. माझ्या कोटाला तसा खिसा असता तर फोन दोनदा पडला नसता.

पण दुखणंही त्या बाहीतच आहे. हात वर केला की अख्खा कोट वर ओढला जातो आणि सगळा ताण काखेतल्या वळणावर येतो. दुरुस्तीवाल्याने ३८ पौंड सांगितले, वर म्हणाला, ‘खांदा कापून वेगळी बाही लावू, पॅड घालू, नीट बसेल.’ मी अर्धा तास वाद घातला. कोटाचा जीव ज्यात आहे तेच तो कापायला निघाला होता! कोट उचलला आणि घरी आले.

रात्री आईला व्हिडिओ कॉल केला. तिने कोट उलटा करायला लावला, काख बघितली आणि म्हणाली, ‘अगं, माझ्या खणाच्या चोळीत काखेत तुकडा होता, आठवतो का? तसाच इथे लाव.’ मग कोटाच्या खालच्या दुमडीतून तळहाताएवढं कापड काढलं, उरेब म्हणजे तिरकं कापलं, म्हणजे ताणलं जाईल, आणि हाताने बारीक उलट टीप मारून दोन्ही काखांत बसवलं. आतून वळणाला सुती फीत लावली. दोन संध्याकाळी गेल्या, खर्च फितीचे दोन पौंड.

तेव्हापासून दोन महिने रोज तीच बस, तोच दांडा, एक टाकाही हललेला नाही. अस्तर मात्र मनगटाशी विरलंय, आणि पावसात भिजला की सुकायला दीड दिवस लागतो. जुना घेणार असाल तर दुकानातच दोन्ही हात वर करा, काख आतून उलटून बघा, आणि खालची दुमड किती रुंद आहे तेही मोजा.