टो बारचे चौदा महिने आणि माझा ग्रीसचा शहाणपणा
टो बार, म्हणजे मोटरहोममागे (चाकांवरच्या घरामागे) गाडी ओढायची दांडी, घेऊन चौदा महिने झाले आणि त्यातले निदान सहा महिने मी त्याला उगाच शिव्या घातल्या, हे आधीच कबूल करतो. आम्ही कोलोराडोत असतो, मोटरहोम जुनी आहे आणि मागे जीप रँग्लर, चारही चाकं रस्त्यावर, बैलगाडीमागे वासरू बांधतात तशी. बार 10,000 पाउंड वजन ओढणारा, जीप चार-साडेचार हजार पाउंड वजनाची, म्हणजे ताकदीचा प्रश्नच नव्हता.

पहिली ट्रिप युटातल्या मोआबची. तिथली लाल धूळ कुठेकुठे शिरते ते गेलेल्यालाच कळतं. घरी आल्यावर मी काय केलं तर बारच्या त्या एकात एक सरकणाऱ्या दांड्या असतात ना, त्यांना भरभरून ग्रीस फासलं. आपल्याला लहानपणापासून कडी असो की सायकलची चेन, तेल घाल एवढंच माहीत. पुढच्या ट्रिपला धूळ त्या ग्रीसमध्ये कालवली गेली, दांडी सरकेना, लॉकचा खटका सुटेना, मग काढली हातोडी. बायको ओरडतेय, "अरे हळू, मोडशील!" मोडला नाही, पण वाकला.

आता दांड्या पूर्ण बाहेर ओढतो, जुना चिकटा साफ पुसतो, वाळवतो आणि सिलिकॉनचा ड्राय स्प्रे मारतो, बस. त्यावर धूळ चिकटत नाही. दांड्यांवरचे रबरी बूट (धूळ अडवणारी आवरणं) फाटलेत का तेही बघतो, कारण तिथूनच सगळं आत जातं.

आणि खटका अडकतो तो दर वेळी बारचा दोष नसतो, मी वळणावर किंवा उतारावर थांबलेलो असायचो आणि दांड्यांवर ताण असायचा. सपाट जागी सरळ थांबून जीप जराशी पुढेमागे केली की हाताने सुटतो. जीप मागे जोडलेली असताना मोटरहोम रिव्हर्स मात्र अजिबात नाही!! पेट्रोल पंपावर अडकून एकदा चार फूट मागे घेतली तर जीपची पुढची चाकं भलतीकडे वळली आणि सगळा जोर दांड्यांवर. तेव्हापासून आधी जीप सोडवतो, मागचे हॉर्न वाजवोत.

खरी झीज दांड्यांत नाही, पिनांत आणि त्यांच्या भोकांत आहे. भोकं किंचित लांबट झालीत, ब्रेक मारला की खट् असा आवाज. रिसीव्हरमधली (मोटरहोमच्या मागे बार बसतो त्या खोबणीतली) खडखड क्लॅम्प लावून गेली. जीपच्या बेस प्लेटचे (पुढे जिथे बार जोडतो त्या पट्टीचे) दोन बोल्ट ढिले निघाले तेव्हा मात्र पोटात गोळा आला, आता दर ट्रिपआधी टॉर्क पाना लावतो. एक सेफ्टी केबल (बार सुटला तरी जीप धरून ठेवणारी) रस्त्याला घासून तिच्या तारा सुटल्या होत्या, दोन्ही बदलल्या आणि आता बारखालून क्रॉस करून वर बांधतो. हिवाळ्यात इथे रस्त्यावर बर्फासाठी मॅग्नेशियम क्लोराइड (एक मीठ) मारतात, त्याने पिना गंजल्या, सो प्रत्येक वेळी साध्या पाण्याने धुणं आलंच.

नव्या पिना मागवल्यात. ग्रीसचा डबा बायकोने कुठे ठेवलाय ते सांगत नाही.