दिल्लीत कुणी ‘वो तो बंद है’ म्हणालं तर

जानेवारीत दिल्लीला निघाला असाल तर हे आधी वाचा. स्टेशनबाहेर जो माणूस तुम्हाला गाठतो त्याच्या बोलण्यातलं बरंचसं खरं असतं. धुकं खरं, परेड खरी, सोमवारी लाल किल्ला बंद असतो हेही खरं. फक्त ते खरं तो तुमच्या रस्त्यावर, तुमच्या हॉटेलवर आणून चिकटवतो, आणि तिथेच आपण फसतो.

आम्ही दोघी मैत्रिणी नाशिकहून निघालो ते प्रजासत्ताक दिनाच्या आदल्या आठवड्यात. रात्री जेवणाच्या वेळेला पोचवणारी गाडी मथुरेच्या पुढे धुक्यात अशी रखडली, की नवी दिल्ली स्टेशनवर उतरलो तेव्हा पहाटेचे तीन वाजून गेले होते. मेट्रो सुरू व्हायला अजून वेळ होता. माझा फोन बंद पडलेला, तिच्या फोनमध्ये जेमतेम चार्जिंग. करोल बागेतल्या हॉटेलात खोली राखून ठेवली होती, पैसे तिथे गेल्यावर द्यायचे होते.

पहाडगंजच्या बाजूने बाहेर पडलो आणि एक रिक्षावाला पुढे आला. आमचं हिंदी ऐकून लगेच म्हणाला, “महाराष्ट्र से? नासिक? अरे, हम तो साईंबाबा के भक्त हैं, शिर्डी आते रहते हैं.” झालं! परक्या गावात पहाटे तीन वाजता शिर्डीचं नाव निघालं की माणूस निम्मा आपला वाटायला लागतो. सामान रिक्षात गेलं. दोन चौक गेल्यावर त्याने रिक्षा बाजूला घेतली. “करोल बाग? मॅडम, छब्बीस जनवरी है. रिहर्सल चल रही है. उधर सब सील है.” समोर पोलिसांचे लोखंडी बॅरिकेड होतेही. ते दिल्लीत बारा महिने असतात, हे आम्हाला कुठे ठाऊक?

परेडची खरी हकीकत मी घरी आल्यावर नीट पाहिली. कर्तव्य पथावर सराव असतो तेव्हा वाहतूक बंद ठेवतात ती सकाळी काही तासांपुरती. मोठी रंगीत तालीम असते २३ जानेवारीला. तिचा मार्ग विजय चौक, कर्तव्य पथ, इंडिया गेट, टिळक मार्ग, बहादूरशाह जफर मार्ग आणि पुढे लाल किल्ला. करोल बाग स्टेशनच्या पश्चिमेला, म्हणजे अगदी उलट दिशेला. आणि कुठले रस्ते कधी बंद हे दिल्ली वाहतूक पोलीस आधी जाहीर करतात. पण पहाटेच्या थंडीत नकाशा उघडतो कोण!

मैत्रीण म्हणाली, हॉटेललाच विचारते. त्यावर तो फारच समजूतदारपणे म्हणाला, “आपकी बैटरी कम है, नंबर बोलिए, मैं लगाता हूँ.” तिने नंबर सांगितला, त्याने लावला. पलीकडून कुणीतरी त्या हॉटेलचं नाव घेऊन बोललं, की गाडी लेट झाली म्हणून तुमचं बुकिंग रद्द केलंय, खोली दुसऱ्याला दिलीय. त्याने नंबर कुठला दाबला ते आम्ही पाहिलंच नव्हतं. ही या धंद्याची ठरलेली चाल आहे, आणि परदेशी पाहुण्यांवर तर ती वर्षानुवर्षं चालवली जाते.

मग “सरकारी टूरिस्ट ऑफिस”. कॅनॉट प्लेसजवळच्या एका गल्लीत तळमजल्यावर. दारावर चार सिंहांच्या मुद्रेसारखं काहीतरी, खाली ‘अप्रूव्हड’, भिंतीवर ताज आणि केरळच्या हाउसबोटी. आत हीटर चालू. खुर्चीवरच्या माणसाने आधी चहा मागवला. त्या थंडीत त्या हीटरने आणि चहाने जे काम केलं ते हजार शब्दांनी झालं नसतं. पहाटे साडेतीनला कुठलं सरकारी कार्यालय उघडं असतं, हा प्रश्न दोघींनाही पडला नाही. भारत सरकारचं खरं पर्यटन कार्यालय जनपथवर ८८ क्रमांकाला आहे, आणि ते चारचौघांसारखं ऑफिसच्या वेळेतच चालतं.

त्या माणसाने संगणक आमच्याकडे वळवला. एकामागून एक हॉटेल, सगळ्यांपुढे लाल अक्षरात ‘फुल’. परेडमुळे दिल्ली भरलीय, असं तो सांगत राहिला. शेवटी एक खोली ‘निघाली’. रात्रीचे बेचाळीसशे, किमान तीन रात्री. आठ हजार आगाऊ. मैत्रिणीने उरल्यासुरल्या चार्जिंगवर क्यूआर कोड स्कॅन केला. पडद्यावर कुठल्या संस्थेचं नाही, एका माणसाचं नाव उमटलं. तिने मला ते दाखवलंही. “कॅशियर है हमारा,” तो म्हणाला.

आणि ते हॉटेल कुठे होतं सांगू? पहाडगंजात. ज्या दरवाजातून आम्ही बाहेर पडलो त्याच्यापासून बॅगा ओढत सहज चालत जाता येईल इतकं जवळ. खोलीला खिडकी नव्हती, भिंतीला ओल होती. सकाळी नाश्त्याला शेजारच्या टेबलावर इंदूरचं एक कुटुंब होतं. तशाच खोलीचे ते चौदाशे देत होते.

दहाच्या सुमारास मैत्रिणीच्या फोनवर करोल बागेतल्या हॉटेलचा फोन आला. मॅडम, रात्रभर वाट पाहिली, येताय ना?

आता यापुढचं जास्त लक्ष देऊन वाचा, कारण पहिल्या फसवणुकीपेक्षा मला हिचा जास्त राग आहे. आम्ही तणतणत त्या ऑफिसात गेलो. मला वाटलं होतं भांडण होईल. तो माणूस आवाजसुद्धा चढवत नव्हता. “रिक्षावाले ने आपको गलत बताया होगा, हमारी क्या गलती? लेकिन आप हमारी बहनें हैं.” हॉटेलचे पैसे परत करता येणार नाहीत, पण नुकसान भरून देतो म्हणाला. आग्र्याला स्वतंत्र गाडी, आमच्याकडून फक्त डिझेल आणि टोलचे अडीच हजार. दिवस त्यानेच ठरवला, शुक्रवार. आम्ही जिंकल्यासारख्या बाहेर पडलो. भांडायला आलेल्या गिऱ्हाइकाला नुकसानभरपाई म्हणून दुसरी फसवणूक विकायची, आणि वर त्याच्याकडून आभारही घ्यायचे! याला डोकं लागतं, हे मान्य करावं लागेल.

मधला दिवस छान गेला. कुतुबमिनार, हुमायूनची कबर, सगळीकडे मेट्रोने आणि पायी. चांदणी चौकात सकाळी दौलत की चाट खाल्ली. दुधाचा नुसता फेस, केशर आणि खवा घातलेला. हिवाळ्यातच मिळते, ऊन चढलं की बसते. दिल्लीला जा आणि ती खाच.

शुक्रवारी यमुना एक्सप्रेसवेवर पुढची गाडी दिसत नव्हती इतकं धुकं. आग्र्यात शिरल्यावर ड्रायव्हर सहज बोलल्यासारखा म्हणाला, आज तर जुम्मा, ताज बंद. ताजमहाल दर शुक्रवारी पर्यटकांना बंद असतो, त्या दिवशी आत फक्त तिथल्या मशिदीत नमाजासाठी सोडतात. आग्र्याला गिऱ्हाइकं पाठवून पोट भरणाऱ्याला हे माहीत नसेल? ज्या लोकांनी नसलेली बंदी दाखवून आम्हाला करोल बागेतून पळवलं, त्यांनी खरी बंदी मात्र गिळून टाकली. “पीछे से और अच्छा दिखता है,” म्हणून आम्हाला यमुनेपलीकडच्या मेहताब बागेत नेलं. एरवी तिथून ताज खरंच सुरेख दिसतो म्हणतात. आम्हाला पांढरं धुकं दिसलं. त्यात एक किंचित जास्त पांढरा भाग होता, तो ताज असावा असं आम्ही ठरवलं.

आग्र्याचा किल्ला शुक्रवारी उघडा असतो. “वहाँ भी भीड़ है, छोड़िए,” म्हणत ड्रायव्हरने गाडी वळवली ती संगमरवराच्या दुकानाकडे, तिथून चामड्याच्या, तिथून पेठ्याच्या. प्रत्येक ठिकाणी ‘सरकारी एम्पोरियम’ असा शब्द पेरलेला. मैत्रिणीने पच्चीकारीची, म्हणजे दगडात रंगीत खडे जडवलेली, एक ताटली अठराशेला घेतली. दुकानदाराने मागून टॉर्च लावून दाखवला, प्रकाश आरपार, म्हणजे म्हणे मकराण्याचा अस्सल संगमरवर. घरी येऊन पाहिलं तर नखाने ओरखडा उठतो. संगमरवर नखाने ओरखडत नाही, शंखजिऱ्याचा मऊ दगड ओरखडतो. खात्रीचं काही घ्यायचं असेल तर दिल्लीत जनपथवर सेंट्रल कॉटेज इंडस्ट्रीज एम्पोरियम आहे आणि बाबा खडकसिंग मार्गावर राज्यांची एम्पोरियम ओळीने आहेत. तिथे भाव ठरलेले असतात. त्याच नावांशी मिळतीजुळती नावं लावलेली खासगी दुकानं शहरभर आहेत, आणि तुमचा रिक्षावाला तुम्हाला कमिशनसाठी तिथेच नेईल.

परतल्यावर त्या ऑफिसात वेगळाच माणूस बसलेला. साहेब सुट्टीवर. आम्ही तिथेच उभ्या राहून १३६३ ला फोन लावला. ही पर्यटन मंत्रालयाची मदतवाहिनी, चोवीस तास चालते. मग पोलिसांकडे. तिथल्या अधिकाऱ्याने पावती मागितली आणि ती पाहून मान हलवली. पावतीवर जीएसटी क्रमांक नाही, पत्ता अर्धवट, मालकाचं नाव नाही. पैसे आम्ही स्वतःच्या हाताने पाठवलेले, बदल्यात खोली आणि गाडी मिळालेली. गुन्हा म्हणून उभं करायला हे किती अवघड आहे ते त्याने सरळ सांगितलं. तरी एक शिपाई सोबत दिला. तो दारात उभा राहिल्याबरोबर सुट्टीवरचे साहेब अर्ध्या तासात उगवले, आणि घासाघीस होऊन चार हजार परत आले. बाकीचे गेले ते गेलेच.

तुमची गाडी अशीच अवेळी पोचली तर मेट्रो सुरू होईपर्यंत स्टेशनवरच्या प्रतीक्षालयात बसा. निघायचंच असेल तर वाहतूक पोलिसांच्या प्रीपेड बूथवरूनच रिक्षा करा आणि तिथली चिठ्ठी उतरेपर्यंत ड्रायव्हरच्या हातात देऊ नका. हॉटेलला फोन स्वतःच्या हातातल्या फोनवरून लावा. त्यासाठी पॉवर बँक बर्थखालच्या बॅगेत न ठेवता पर्समध्ये ठेवा. आणि जो थेट खिडकीशी, दारात किंवा रस्त्यावर येऊन ‘बंद है’ सांगेल, त्याला म्हणा, चालेल, मला बंद दारापर्यंतच सोड. आमच्या मैत्रिणीने परतीच्या दिवशी हे करून पाहिलं. तो दुसरं गिऱ्हाईक शोधायला निघून गेला.