शाहू महाराज शिष्यवृत्ती का केंद्राची नॅशनल ओव्हरसीज? फॉर्म भरायच्या आधी एकदा बघा

लातूर, नांदेडकडची बरीच लेकरं सध्या हेच विचारायलेत, बाहेर मास्टर्स करायचंय, घरी कोरडवाहू शेती, मग राज्याची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती धरावी का केंद्राची नॅशनल ओव्हरसीज. पहिल्यांदा सगळे पैसे किती ते विचारतात. खरं तर त्यात फरक फार नाही, फी, विमानाचं तिकीट दोन्हीकडं मिळतं, निर्वाह भत्ताही साधारण सारखाच, अमेरिकेसाठी वर्षाला १५,४०० डॉलर अन् यूकेसाठी ९,९०० पौंड. म्हणजे यूकेत महिन्याला सव्वाआठशे पौंड, त्यात लंडनला रूमभाडं भागवून जेवायचं म्हणजे अवघडच, शेफिल्ड लीड्सकडं जमतं.

फरक आहे तो रँकिंगचा. राज्याला क्यूएस रँकिंगमधलं (जगातल्या विद्यापीठांची क्रमवारी) पहिल्या २०० मधलंच विद्यापीठ लागतं, केंद्राला ५०० पर्यंत चालतं. तुमची ऑफर साडेतीनशेव्या नंबरच्या विद्यापीठाची असेल तर विषय तिथंच संपला, केंद्राचाच फॉर्म भरा. पण केंद्राच्या १२५ जागा अख्ख्या देशाला, त्यातल्या ११५ एससीला, बाकीच्या भटके विमुक्त, भूमिहीन शेतमजूर अन् पारंपरिक कारागिरांना, अन् निवडही रँकिंग बघूनच होते. राज्याच्या ७५ जागा फक्त महाराष्ट्रातल्या अनुसूचित जाती अन् नवबौद्धांना. त्यामुळं चांगली ऑफर हातात असंल तर माझ्या मते राज्यच बरं.

अजून एक, जे कुणी नीट सांगत नाही. २०२२ पासून केंद्रानं भारताची संस्कृती, इतिहास, समाज असल्या विषयांवरच्या संशोधनाला पैसे देणं बंद केलंय. म्हणजे मराठवाड्यातल्या ऊसतोड कामगारांवर बाहेर जाऊन पीएचडी करायची तर केंद्राकडं जाऊन उपयोग नाही, आता याला काय म्हणावं! वयाचंही बघा, केंद्राला ३५, राज्याला पीएचडीसाठी ४०.

पैसे वेळेवर येतील का, ह्यावर दोन्हीकडं छातीठोक सांगायची सोय नाही. २०२५ ला केंद्रानं १०६ जण निवडले अन् निधीचं कारण पुढं करून सुरुवातीला ४० जणांनाच पत्रं दिली. राज्याकडं २०२४ ला ७५ टक्के मार्कांची अट आणल्यावर केवढा गोंधळ झाला, म्हणून मागच्या वर्षीचा जीआर बघून तयारी करू नका, चालू वर्षाची जाहिरातच वाचा. विद्यापीठाचं डिपॉझिट भरायची तारीख निकालाच्या आधी येऊ शकते, तेवढ्या पैशाची सोय आधी करून ठेवा नाहीतर मुदत वाढवायचा मेल टाका, बरीच विद्यापीठं ऐकतात.

कागदांचं म्हणाल तर जात पडताळणी अन् तहसीलचा उत्पन्न दाखला आत्ताच काढा, राज्याला दोन जामीनदारही लागतात अन् ते ऐनवेळी शोधायला गेलं की पाहुणेसुद्धा फोन उचलत नाहीत. टीसीवरचं नाव अन् पासपोर्टवरचं नाव एकच आहे का तेही बघा, आपल्याकडं शाळेत गुरुजींनी एक लिहिलेलं असतं अन् आधारवर दुसरंच.

फॉर्म दोन्हीकडं भरा, दोन्हीकडं नंबर लागला तर एकच घेता येते. मराठा-कुणबी असाल तर सारथीच्या (मराठा-कुणबी समाजासाठीची राज्य सरकारची संस्था) परदेश शिष्यवृत्तीच्या ७५ जागा बघा, त्यात ५० मास्टर्सच्या अन् २५ पीएचडीच्या, तिथंही २०० चंच रँकिंग. अन् दोन वर्षं नोकरी झाली असंल तर ब्रिटिश सरकारची चेव्हनिंग पण भरून टाका, तिथं जात-उत्पन्न काही विचारत नाहीत, फक्त शिक्षण झाल्यावर किमान दोन वर्षांसाठी भारतात परत यावं लागतं.