मैदानासाठी एक मत

हे लिहायला मला दोन महिने लागले. माझा स्वतःचा एक रुपयाही गेला नाही. गेले ते शाळेच्या पालकांचे आणि माजी विद्यार्थ्यांचे. ज्यांनी नेले त्यांना दार मात्र मी उघडून दिलं, तेही अंगठा लावून. हे शब्दशः खरं आहे, पुढे सांगते.

आमची शाळा सिंहगड रस्त्यावरून आत वळलं की ओढ्याच्या अंगाला. अनुदानित, मराठी माध्यमाची, तेव्हा पैशाची परिस्थिती वेगळी सांगायला नको. शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात शाळेला मैदान हवं असं २००९ पासून लिहिलेलं आहे, आणि आमच्याकडे ते आहेही. फक्त पावसाळ्यात त्याचं तळं होतं आणि बाकीचे महिने नुसती धूळ. खो-खोच्या खांबाभोवती एवढा खड्डा पडलाय की वळसा घेताना दर आठवड्याला एखादं पोर पाय मुरगाळून घेतं. ज्या खेळाचे नियम डेक्कन जिमखान्यावर १९१४ साली बसवले, तो खेळ पुण्यातल्याच पोरांनी पार्किंगच्या फरशीवर खेळायचा, हे बघवेना म्हणून आम्ही काही जणांनी मनावर घेतलं.

काम साधं होतं. ११० बाय ७० फुटांची जागा, सहा इंच मुरूम. हिशेब केला तर ३,८५० घनफूट, म्हणजे साडेअडतीस ब्रास. मुरूमवाले म्हणाले, "ताई, रोलर फिरला की माल बसतो. पंचेचाळीस धरा." शिवाय पाणी जायला कडेने चर, दोन नवे खांब, ओढ्याच्या बाजूला जाळी. शाळेच्या ट्रस्टच्या खात्याचा क्यूआर कोड व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला. खजिनदारकी माझ्याकडे आली, कारण मी एका कारखान्यात अकाउंट्स बघते. रोज रात्री जेवणं झाली की मी ग्रुपवर "आजची जमा" टाकायचे. नाव आणि पुढे रक्कम. कोणाचे ५१, कोणाचे ५,०००. लोकांना यादीत आपलं नाव बघायला आवडतं, आणि शेजाऱ्याने किती दिले ते बघायला त्याहून आवडतं. कोण किती देऊ शकतो याची ही यादी मी चोरासाठीच तयार करून ठेवतेय, हे तेव्हा कुठे कळायला?

यंदाच्या मार्चमध्ये, एका बुधवारी दुपारी, आमच्याच बॅचच्या एका मुलाचा मेसेज आला. मुलगा म्हणजे पन्नाशीचा, पण बॅचमेट मुलगाच राहतो. रंग बनवणाऱ्या एका मोठ्या कंपनीच्या नावाने शाळांच्या मैदानांसाठी काही योजना होती. ज्या शाळेला जास्त मतं, तिला दहा लाख. आपली शाळा दुसऱ्या नंबरवर आहे, ३१२ मतं कमी पडतायत, लगेच मत दे आणि पुढे पाठव. खाली लिंक.

मी लिंक उघडली आणि तिथे आमचं मैदान! पावसाचं पाणी साचलेलं, मागे शाळेची पिवळी भिंत. तो फोटो मीच जिन्यात उभं राहून काढला होता आणि ग्रुपवर टाकला होता. शाळेचं नाव अचूक, पत्ता अचूक. शेजारी दुसऱ्या कुठल्या तरी शाळेचा आकडा, आणि तो माझ्या डोळ्यांसमोर वाढत होता. आमचा हलत नव्हता. इथे माझं डोकं गहाण पडलं.

"मत द्या" दाबलं. मोबाइल नंबर मागितला, दिला. मग "तुमचं मत खरं आहे का ते तपासत आहोत" असं म्हणून आठ अक्षरांचा एक कोड दिसला. तो व्हॉट्सॲपमध्ये टाकायचा होता. त्याच क्षणी व्हॉट्सॲपचीच सूचना वरून खाली आली. मी तिच्यावर टिचकी मारली, कोड टाकला, फोनने अंगठा मागितला, अंगठा लावला. "धन्यवाद, आपलं मत नोंदवलं गेलं आहे." मग ती लिंक मी २१४ जणांच्या ग्रुपवर पाठवली. वर लिहिलं, "मंडळी, शाळेसाठी दोन मिनिटं काढा." तेवढ्याने समाधान झालं नाही म्हणून माहेरच्या आणि सासरच्या ग्रुपवरही टाकली.

व्हॉट्सॲपची ती सूचना मी वाचलीच नव्हती. नवं उपकरण जोडायचं का, असं ती विचारत होती. व्हॉट्सॲप आपण कॉम्प्युटरवर उघडतो ना, ती सोय असते. एका खात्याला अशी चार उपकरणं जोडता येतात. मी माझ्या हाताने कुणाच्या तरी कॉम्प्युटरला माझं खातं जोडलं होतं. माझा फोन नेहमीसारखा चालू, खातं बंद पडत नाही, काही कळत नाही. माझ्याकडे तो सहा आकडी पिनसुद्धा लावलेला होता, मुलाने मागे लागून लावून घेतलेला, आणि त्यावर माझा फार भरवसा. पण तो पिन कोणी आपला नंबर दुसऱ्या फोनवर नव्याने सुरू करायला गेलं तर आडवा येतो. इथे तर मालकीणच दार उघडत होती.

ज्याच्याकडून लिंक आली त्या मुलाचं खातंही असंच आधी कुणाच्या तरी हातात गेलेलं होतं, हे मागाहून समजलं. आमच्या ग्रुपवरचा फोटो त्यांच्याकडे गेला तो तिथून.

बुधवार ते शनिवार काहीच झालं नाही. या तीन दिवसांचा विचार केला की अजून पोटात कसंतरी होतं. कोणीतरी बसून माझ्या गप्पा वाचत होतं. मी कोणाला "अहो" म्हणते, कोणाला "अरे", मुरूमवाल्यांशी काय ठरलंय, ॲडव्हान्स कधी द्यायचाय.

शनिवारी संध्याकाळी मी कर्वेनगरला एका लग्नात होते. फोन पर्समध्ये, आवाज बंद. पावणेअकराला घरी येऊन बघितलं तर आमच्या शाळेतल्या निवृत्त बाईंचे पाच मिस्ड कॉल. वय ऐंशीच्या पुढे. आम्ही सगळे आता त्यांना आजीच म्हणतो.

"पैसे पोचले का गं? आणि दोनदा का मागितलेस? गुरुवारी दिले होते की."

"आजी, मी कुठे मागितले?"

"हे बघ, मला वाचता येतं."

त्यांनी नातवाकडून स्क्रीनशॉट पाठवला. "नमस्कार आजी. ट्रस्टच्या खात्याची मर्यादा संपली आहे. मुरूमवाल्यांना उद्या सकाळी ॲडव्हान्स द्यायचा आहे. खालील कोडवर २,००० पाठवाल का? सोमवारी पावती देते." वर माझं नाव, माझा फोटो. माझ्या फोनमध्ये या मेसेजचा मागमूस नाही, कारण पाठवून झाल्यावर माझ्या बाजूने तो पुसलेला. आणि भाषा माझीच. मी आजींना "हाय" लिहीत नाही, नमस्कारच लिहिते.

ग्रुपवर एक शब्दही नव्हता. तिथे टाकला असता तर मला दिसला असता. त्यांनी माझ्या यादीतून माणसं निवडून एकेकट्याला गाठलं होतं. जो ५,००० देणारा त्याच्याकडे १०,००० मागितले, आजींकडे २,०००.

मुलगा धावत आला, माझ्या फोनमध्ये "लिंक्ड डिव्हायसेस" उघडलं. तिथे विंडोजवरचं एक क्रोम दिसत होतं, आमच्या घरात नसलेलं. मी घाबरून आधी ते काढून टाकलं. हीही चूकच. काढण्याआधी त्याचा फोटो घ्यायला हवा होता, नाव आणि वेळ दिसत होती. पुढे पोलिसांनी तेच विचारलं.

मग १९३० लावला, सायबर फसवणुकीची सरकारी हेल्पलाइन. हा नंबर रात्रीसुद्धा चालू असतो. पलीकडची बाई शांत होती, पण तिने जे सांगितलं ते मला माहीत नव्हतं: ज्याच्या खात्यातून पैसे गेले, तक्रार त्याने करायची. माझ्या खात्यातून काहीच गेलेलं नव्हतं. मी कितीही रडले तरी मी तक्रारदार नव्हते. ज्यांचे गेले त्यांनी फोन करून व्यवहाराचा बारा आकडी नंबर, वेळ, रक्कम आणि बँकेचं नाव सांगायचं, म्हणजे ते पुढच्या बँकेला कळवून पैसे असतील तिथे अडवतात. नंतर सायबरक्राइम डॉट जीओव्ही डॉट इन या सरकारी पोर्टलवर पूर्ण तक्रार भरायची.

म्हणजे रात्री साडेअकराला मला माणसं उठवायची होती. आणि मेसेज तरी कसा करणार? माझ्या नंबरवरून आलेल्या मजकुरावर कोण विश्वास ठेवेल? ग्रुपवर माझ्या आवाजात सांगितलं, मग यादी घेऊन एकेकाला फोन लावत बसले. एकूण अकरा जणांनी ६३,५०० रुपये भरले होते. चौघांनी त्याच रात्री १९३० लावला, त्यांच्यापैकी १७,५०० होल्ड झाले. बाकीचे म्हणाले, "आता झोपा, सोमवारी बघू." सोमवारी ते पैसे तीन खाती ओलांडून एटीएममधून निघाले होते.

एका गृहस्थांनी तर सांगितलं, "पाठवताना वेगळंच नाव दिसलं होतं, मला वाटलं मुरूमवाल्याचं असेल." यूपीआयवर पैसे पाठवण्याआधी समोरच्याचं बँकेत नोंदलेलं नाव दिसतं. ट्रस्टच्या ऐवजी तिथे एका माणसाचं नाव, आडनाव आमच्या भागात कधी न ऐकलेलं. ते नाव वाचून अकरापैकी दोघांच्या मनात शंका आली आणि दोघांनीही माझ्यावर विश्वास ठेवून शंका गिळली. हे मला पैशांपेक्षा जास्त लागलं.

आम्ही सगळ्यांच्या तक्रारींचे क्रमांक एकत्र करून शिवाजीनगरच्या सायबर पोलीस ठाण्यात अर्ज दिला. आयटी कायद्यातली कलमं, भारतीय न्याय संहितेचं ३१८, ते सगळं रीतसर. तपास चालू आहे, याहून जास्त माझ्याकडे सांगायला नाही. तिथल्या बाकावर शेजारी एक तरुण जोडपं बसलेलं, त्यांचे घराच्या डिपॉझिटचे पैसे गेले होते. त्यांनी आमचा किस्सा ऐकून विचारलं, "शाळेचेपण नेतात?"

आता थोडं कडू. ग्रुपवर दोन दिवस सहानुभूती, तिसऱ्या दिवशी एकाने लिहिलं, "मेसेज तर ताईंच्याच नंबरवरून आला होता." बस, एवढंच. कोणी आरोप केला नाही, पण त्याच्याखाली सात जणांनी अंगठे टाकले. वीस वर्षं दुसऱ्यांचे हिशेब तपासतेय, एका पैशाचं इकडचं तिकडे नाही. त्या सात अंगठ्यांनी मला झोप लागू दिली नाही. मुख्याध्यापिका बाईंनी ट्रस्टच्या खात्याचं स्टेटमेंट काढून नोटीस बोर्डावर लावलं तेव्हा कुठे कुजबुज थांबली.

मी स्वतःला फार वेळा विचारलं की मी एवढी कशी भुलले. मला जर कोणी सांगितलं असतं, ताई तुम्हाला दहा लाखांचं बक्षीस लागलंय, तर मी फोन आपटला असता. स्वतःसाठीचा लोभ आपल्याला लगेच ओळखू येतो, लाज वाटते. शाळेसाठी दहा लाख म्हटलं की तो लोभ वाटतच नाही, कर्तव्य वाटतं. त्यात समोरच्या शाळेचे आकडे पळताहेत, आपले थांबलेत. मला त्या दुसऱ्या शाळेचा रागसुद्धा आला होता हो. जी शाळा नव्हतीच.

ज्यांच्याकडे अशी वर्गणी चालू आहे, मैदान असो, गणपती असो, सोसायटीची टाकी असो, त्यांना एवढंच सांगते: मत द्यायला व्हॉट्सॲपमध्ये कोड टाकावा लागत नाही. कुठल्याच मताला लागत नाही. आणि ते लिंक्ड डिव्हायसेसचं पान आत्ता उघडून बघा. मी सांगितल्यावर आमच्या ग्रुपवर आणखी सहा जणांकडे ते परकं क्रोम निघालं. सहाही जणांनी माझ्याच लिंकवरून मत दिलं होतं. पैसे मागणारा मेसेज घरच्या माणसाचा असला तरी फोन करा, आवाज ऐका. देणगीदारांची रकमांसकट यादी आम्ही आता ग्रुपवर टाकत नाही. काहींना ते आवडलेलं नाही.

वर्गणी महिनाभर थांबली होती. मग शाळेने पुन्हा छापील पावतीपुस्तक काढलं, आणि क्यूआर कोड फक्त शाळेच्या ऑफिसात, काचेखाली. एप्रिलमध्ये पहिला वीस ब्रास मुरूम पडला, अर्ध्या मैदानावर रोलर फिरला.

पावतीपुस्तक आलं त्याच सकाळी आजी रिक्षाने शाळेत आल्या. प्लॅस्टिकच्या पिशवीत रबर लावलेल्या नोटा, २,०००. मी म्हटलं, आजी, तुमचे आधीच दोनदा गेलेत. त्या म्हणाल्या, "एकदा शाळेला दिले, एकदा चोराला. पावती कर."

मी नव्या पुस्तकातली पहिली पावती लिहून दिली. त्यांनी चष्मा लावला, पावती लांब धरून वाचली आणि परत माझ्यापुढे सरकवली. "आडनावातली वेलांटी दीर्घ आहे. चौथीत शिकवली होती तुला."

ती पावती रद्द करून मी दुसरी फाडली.