ब्रेकचा लाल दिवा आणि सिलिकॉन ग्रीस: अख्खा पावसाळा वापरल्यानंतर

वायरच्या जोडणीत पाणी शिरू नये म्हणून लावायचं सिलिकॉन ग्रीस चांगलं आहे, ते आधी सांगून टाकतो. पण ट्यूब घेतली, चोपडलं आणि दिवा गेला, असं कुणी सांगत असेल तर त्याने अर्धीच गोष्ट सांगितली.

आमच्या गाडीत जोराचा पाऊस लागला की मीटरवर ब्रेकचा लाल दिवा लुकलुकायचा, ऊन पडलं की बंद. वर्कशॉपवाल्यांनी दोनदा ब्रेक ऑइल टॉपअप करून दिलं. खरं तर ऑइल मिनिमम-मॅक्सिममच्या मध्येच होतं. पातळी खरोखर खाली असेल तर आधी पॅड किती झिजलेत आणि कुठे गळती आहे का, ते बघायला हवं. पॅड झिजले की कॅलिपरचे (चाकाजवळ पॅड दाबणाऱ्या भागाचे) पिस्टन बाहेर सरकतात आणि ब्रेक ऑइलच्या डबीतलं ऑइल तेवढं खाली उतरतं.

डबीत एक तरंगता फ्लोट असतो. तो खाली गेला की आतला स्विच जुळतो, दिव्याची वायर गाडीच्या बॉडीला जोडली जाते (अर्थ होते) आणि दिवा लागतो. बहुतेक साध्या गाड्यांत हँडब्रेकचा स्विचही त्याच दिव्याला जोडलेला असतो. फ्लोटच्या स्विचच्या कपलरमध्ये, म्हणजे वायर जोडायच्या प्लगमध्ये, पाणी शिरलं तरी मीटरला वाटतं, ऑइल संपलं! मी कपलर काढला, दिवा विझला. आत पिनांवर हिरवट बुरशीसारखा थर होता आणि रबरी सील एका बाजूला फाटलेलं. कॉन्टॅक्ट क्लीनरने पिना साफ केल्या, सुकू दिल्या, सील बदललं आणि मग कडेने ग्रीसचा पातळ थर दिला. पिना घट्ट बसल्या की ग्रीस बाजूला सरतं, त्यामुळे करंट अडत नाही, पाणी मात्र आत येत नाही.

त्यानंतर मुसळधार पावसातही दिवा लागलेला नाही. ग्रीस सुकलं नाही, वाहून गेलं नाही. तक्रार एवढीच की हाताला चिकटलेलं साबणानेही लवकर निघत नाही. पैसे वाचवायला साधं ग्रीस वापरू नका. डबीच्या झाकणाच्या रबराला लागलं तर रबर फुगतं.

पिवळा एबीएसचा (ब्रेक दाबल्यावर चाकं लॉक होऊ न देणाऱ्या यंत्रणेचा) दिवा लागत असेल तर डबीकडे बघत बसू नका. चाकाजवळच्या स्पीड सेन्सरची वायर, तिचं फाटलेलं आवरण, सेन्सरसमोर फिरणारी गंजलेली रिंग यांवर संशय घ्या आणि स्कॅनर लावून गाडीने नोंदवलेला बिघाडाचा कोड वाचा. लाल आणि पिवळा दोन्ही एकदम लागले, किंवा पेडल खाली जाऊ लागलं, तर गाडी बाजूला घ्या. तिथे ग्रीसचा काही उपयोग नाही.

आणखी एक. डॉट ३, डॉट ४ या प्रकारचं ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषून घेतं. ताज्या डॉट ४ चा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस असावा लागतो, पाणी शोषल्यावर ही मर्यादा १५५ वर येते. याने दिवा लागत नाही, म्हणूनच लोक विसरतात. डबीचं झाकण उगाच उघडू नका, आणि ऑइल साधारण दोन वर्षांनी पूर्ण बदलून घ्या.